पाहणाऱ्याची जागा

मी मुख्यतः क्रिकेटची मैदानं बघत फिरते आणि प्रत्येक मैदानासाठी वहीत एक आकडा लिहून ठेवते: घराला कुलूप घातल्यापासून स्टँडमधल्या खुर्चीवर टेकेपर्यंत किती वेळ लागला. त्याच्या शेजारी आणखी काही रकाने आहेत. पाणी कुठे मिळालं, बायकांचं स्वच्छतागृह कुठल्या मजल्यावर होतं, सगळ्यांत स्वस्त तिकिटाच्या जागेवरून खेळपट्टी दिसते का, परतीची शेवटची गाडी किती वाजता. धावा आणि विकेटी मी लिहीत नाही, त्या दुसऱ्या दिवशी पेपरात मिळतात. बावीस वर्षांत चौदा मैदानं झाली. आता ती वही चाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. मैदान चांगलं की वाईट हे ठरवताना आपण ज्या गोष्टी मोजतो, म्हणजे आसनसंख्या, छताचा आकार, पडद्याची रुंदी, त्यांचा पाहणाऱ्या माणसाशी फारच थोडा संबंध असतो.

ही सवय मला अमेरिकेतल्या भाच्यामुळे पक्की झाली. तिकडे बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये तीस संघ आहेत, आणि सुट्ट्या काढून त्या तीसही संघांची मैदानं पाहून यायची असा ध्यास घेतलेली माणसं असतात. भाचा त्यांच्यातलाच. २०१७च्या उन्हाळ्यात तो मला बॉस्टनच्या फेनवे पार्कवर घेऊन गेला. बेसबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर नव्वद फूट, ते सगळीकडे सारखं. पण बाहेरचं कुंपण किती लांब घालायचं याचं एकच एक माप नाही, त्यामुळे जुनी मैदानं आपापल्या भूखंडाच्या आकाराची झाली. फेनवे १९१२चं. त्याच्या डाव्या अंगाला रस्ता आडवा आला, मैदानाला पुढे सरकायला जागा उरली नाही, म्हणून तिथे भिंत उभी राहिली. आज ती ३७ फूट उंच आणि गडद हिरवी आहे. दुसऱ्या मैदानावर सहज झेलला गेला असता असा चेंडू इथे भिंतीवर आदळतो आणि खेळच बदलतो. शहरानं खेळाला दिलेला हा आकार मला फार आवडला. पण वहीत मी पहिली ओळ लिहिली ती केनमोर स्टेशनाबद्दल. भुयारी गाडीतून उतरून वर आलो आणि गर्दीसोबत पाच-सात मिनिटं चाललो, की मैदान. वाटेत खाण्याच्या गाड्या, आजोबांचा हात धरून निघालेली मुलं. “मावशी, भिंतीबद्दल लिही ना,” भाचा म्हणाला. भिंतीबद्दल मी नंतर लिहिलं.

त्यानंच मला सांगितलं की १९६०-७०च्या दशकांत तिथल्या अनेक शहरांनी अशी जुनी मैदानं पाडून हमरस्त्यालगत, गाड्या लावायच्या अफाट मोकळ्या जागांच्या मधोमध काँक्रीटची गोल भांडी बांधली. ती एकमेकांसारखीच दिसत आणि शहरापासून तुटलेली असत. मग १९९२मध्ये बाल्टिमोरनं रेल्वेच्या जुन्या गोदामाला लागून, भर शहरात, कॅम्डन यार्ड्स बांधलं आणि हळूहळू इतरही शहरं आत परतली. हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आपलं पुण्याबाहेरचं गहुंजे आणि नागपूरबाहेरचं जामठा येत होतं.

मुंबईत कसोटी सामने झाले ती मैदानं तीन. बॉम्बे जिमखाना, जिथे डिसेंबर १९३३मध्ये भारतातली पहिली कसोटी झाली आणि लाला अमरनाथांनी शतक ठोकलं. मग १९३७मध्ये खुलं झालेलं ब्रेबर्न. आणि वानखेडे, जिथे जानेवारी १९७५मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धची पहिली कसोटी झाली, क्लाइव्ह लॉइडनं नाबाद २४२ काढले. ही तिन्ही मैदानं पायी वीस मिनिटांच्या टापूत आहेत. ब्रेबर्न उभं असताना हाकेच्या अंतरावर वानखेडे का बांधलं? तिकिटांच्या वाटपावरून. ब्रेबर्न क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. तिथल्या सामन्यांची किती तिकिटं मुंबई क्रिकेट संघटनेला मिळावीत यावरून वाद पेटला आणि शेषराव वानखेड्यांच्या पुढाकारानं संघटनेनं स्वतःचं स्टेडियम उभारलं. पुण्याचीही कथा हीच. नेहरू स्टेडियम महापालिकेचं, तिकिटांच्या वाट्यावरून महाराष्ट्र क्रिकेट संघटनेशी बिनसलं, आणि २०१२मध्ये स्टेडियम शहराबाहेर गहुंज्याला गेलं. दोन्ही वादांत दोन्ही बाजूंना कोण होतं ते पाहा. ज्यांच्या हातात तिकिटं होती ते, आणि ज्यांना ती आणखी हवी होती ते. रांगेत उभा राहणारा माणूस या भांडणात पक्षकारच नव्हता. आपल्याकडे मैदान कुठे असावं हे खुर्च्यांच्या मालकीवरून ठरत आलं, म्हणून ते पाहणाऱ्याच्या सोयीचं निघालं तर तो योगायोग असतो.

वानखेडे हा असा एक भाग्यवान योगायोग आहे. पश्चिम रेल्वेचे रूळ त्याच्या कुशीतून जातात. चर्चगेटला उतरा किंवा मरीन लाइन्सला, दहा मिनिटांत फाटकाशी. मी राहते त्या बोरिवलीपासून चर्चगेट ३४ किलोमीटर, तरी माझ्या वहीत वानखेड्याचा आकडा आहे एक तास चाळीस मिनिटं, तपासणीची रांग धरून. सामन्याच्या दिवशी दुपारच्या फास्ट लोकलमध्ये चढलं की खेळ तिथेच सुरू होतो. अंधेरीला निळ्या जर्सीतली पोरं आत घुसतात, दादरला घुसतात. लेडीज डब्यात माझ्यासमोर एकदा कॉलेजच्या चार मुली तिरंग्याचे रंग गालांवर लावत बसल्या होत्या, आरसा हातोहात फिरत होता, आणि भाजीची पिशवी मांडीवर घेतलेल्या एका बाईंनी त्यांच्यासाठी तो वांद्र्यापासून चर्चगेटपर्यंत धरून ठेवला. वानखेड्याच्या नॉर्थ स्टँडच्या ज्या आवाजाची ख्याती आहे, तो आवाज मोठ्या प्रमाणात या गाड्यांनी आणलेला आहे. २ एप्रिल २०११च्या रात्री धोनीच्या षटकारानंतर जो गजर झाला, त्यातले कित्येक गळे विरार, वसई, नालासोपारा, भाईंदरचे होते. स्टेडियमची ३३ हजारांच्या आसपासची आसनसंख्या सगळे सांगतात. या रुळांचं श्रेय कुणी सांगत नाही.

आम्ही उपनगरातली माणसं दक्षिण मुंबईला ‘टाऊन’ म्हणतो. टाऊनला जाऊन येते, असं सांगून घरातून निघतो, म्हणजे आम्ही राहतो ते जणू शहरच नव्हे. २०११च्या जनगणनेचे आकडे मात्र स्पष्ट आहेत: मुंबई शहर जिल्ह्यात सुमारे ३१ लाख माणसं आणि उपनगर जिल्ह्यात सुमारे ९४ लाख. एकास तीन. तरीही आंतरराष्ट्रीय क्रिकेटसाठी बांधलेली प्रत्येक खुर्ची त्या एकाच्या बाजूला आहे. खेळाडू मात्र कधीचे इकडे सरकले. रोहित शर्मा बोरिवलीत आजी-आजोबांकडे वाढला, इथल्याच शाळेत दिनेश लाड यांच्या हाताखाली घडला. अजिंक्य रहाणे डोंबिवलीचा. सूर्यकुमार यादव चेंबूरच्या अणुशक्तीनगरचा. जेमिमा रॉड्रिग्ज भांडुपला जन्मली. मे २०२५मध्ये वानखेड्याच्या एका स्टँडला रोहितचं नाव दिलं गेलं तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले आणि मीही खाल्ले. पण घरी येऊन वाटलं, या मुलाच्या नावाची एक पायरी तरी बोरिवलीत हवी होती, जिच्यावर बसून शाळेतली पोरं कुणाचा तरी सामना बघू शकतील.

त्याच वर्षी जानेवारीत रोहित मुंबईकडून जम्मू-काश्मीरविरुद्ध रणजी सामना खेळला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या शरद पवार अकादमीच्या मैदानावर. म्हणजे उपनगरातच. विश्वचषक जिंकून आणलेला कर्णधार घराच्या वाटेवर खेळत होता, आणि तिथे प्रेक्षकांसाठी बसायची सोय नावापुरती. मैदान सरावासाठी बांधलेलं आहे, त्यात त्याचा दोष नाही. पण पुढच्याच आठवड्यात दिल्लीत विराट कोहली रणजी खेळला, तिथल्या कोटला मैदानाचे दरवाजे मोफत उघडले आणि हजारोंची रांग लागली, तेव्हा मला मुंबईसाठी वाईट वाटलं. क्रिकेटची पंढरी म्हणवणाऱ्या शहरात वारकऱ्याला टेकायला पायरी नाही.

यावर उत्तर म्हणून एक मोठी योजना पुढे आली आहे. ठाणे जिल्ह्यात आमणे इथे, समृद्धी महामार्गाच्या तोंडाशी, एक लाख प्रेक्षकांचं स्टेडियम बांधावं अशी चर्चा २०२४पासून चालू आहे. तिच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं मी हलक्यावारी नेत नाही. महामुंबईची दोन-अडीच कोटी माणसं आणि वानखेड्यात ३३ हजार खुर्च्या, त्यातून क्लब, सभासद, पुरस्कर्ते, सरकारी पाहुणे यांचा वाटा वजा केला तर सामान्य माणसाच्या हाती काय उरतं? आसनं वाढवा, तिकिटं आपोआप सुटतील, असा हा हिशेब. अहमदाबादला १ लाख ३२ हजारांचं स्टेडियम झालं, मुंबईनं मागे का राहावं?

माझी वही इथे कामाला येते. २०२२ साली कोरोनामुळे आयपीएलचे साखळीतले सगळे ७० सामने वानखेडे, ब्रेबर्न, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील आणि गहुंजे या चारच मैदानांवर झाले. मैदानं पाहत फिरणाऱ्या बाईला याहून मोठी संधी काय मिळणार? त्या दोन महिन्यांत मी चारही ठिकाणी गेले. गहुंज्याचं स्टेडियम हॉपकिन्स या ब्रिटिश वास्तुरचनाकारांच्या कार्यालयानं आखलेलं. खरोखर देखणं, टेकड्यांच्या पार्श्वभूमीवर अलगद ठेवलेल्या थाळीसारखं. खालच्या स्वस्त जागेवरूनही खेळ स्वच्छ दिसतो. पण द्रुतगती मार्गाला खेटून असलेल्या त्या थाळीपर्यंत पोचायला स्वतःची गाडी लागते. नाहीतर लोणावळा लोकलनं देहू रोडला उतरा आणि पुढे रिक्षा मिळते का पाहा. परतताना ती पंचाईत दुप्पट. नागपूरचंही तसंच. सिव्हिल लाइन्समधलं विदर्भ क्रिकेट संघटनेचं जुनं मैदान शहराच्या पोटात होतं, ऑफिस सुटल्यावर माणूस शेवटच्या सत्राला जाऊन बसू शकत होता. २००८मध्ये कसोटी क्रिकेट वर्धा रोडवर जामठ्याला गेलं. सौरव गांगुलीची अखेरची कसोटी तिथलीच. आता मेट्रो खापरीपर्यंत जाते, त्याच्या पुढचा प्रश्न तसाच. पाच दिवसांचा सामना शहराबाहेर गेला की त्यातला ‘अर्धा दिवस’ मरतो. दुपारी चारला सटकून जाणारा कारकून, शाळा सुटल्यावर येणारी मुलं, जेवण आटोपून येणारे निवृत्त मास्तर, ही कसोटीची खरी गर्दी. तिला महामार्ग परवडत नाही.

म्हणून एक लाख हा आकडा मला मोहात पाडत नाही. रात्री साडेसातचा सामना साडेअकराला संपतो, कधी बाराला. चर्चगेटहून शेवटची लोकल एकच्या सुमारास सुटते, ती पकडली की घर. आमण्याहून बोरिवलीची, मुलुंडची, घाटकोपरची बाई मध्यरात्री कशानं घरी येणार, हा प्रश्न आराखड्याच्या पहिल्या पानावर हवा. रेल्वे आधी आणि स्टेडियम नंतर असं होणार असेल तर माझा विरोध बराच निवळेल. पण आजवर आपण स्टेडियम आधी बांधलं आणि रस्त्याचं नंतर पाहिलं. एका परराज्यातल्या मैदानाबाहेर, नाव इथे घेत नाही, मी आणि माझी बहीण रात्री एक वाजता चार किलोमीटर चाललो आहोत. अंगावर निळी जर्सी, भारत जिंकलेला, आणि मनात एकच विचार: पुढच्या दिव्यापर्यंत पोचू या. त्या मैदानाच्या नावापुढे वहीत आसनसंख्या मी लिहिलेलीच नाही.

डी. वाय. पाटील स्टेडियम यातलं मधलं उदाहरण आहे आणि म्हणून मला ते फार बोलकं वाटतं. तेही टाऊनबाहेरचं आणि मोठं, सुमारे ५५ हजारांचं, पण रेल्वेच्या जाळ्यात. टाऊनच्या लोकांना ते दूर वाटतं. माझ्या मुलुंडच्या माहेरच्यांना ते वानखेड्यापेक्षा जवळ आहे: ठाण्याला एक स्टेशन मागे जायचं, ट्रान्स-हार्बरनं नेरूळ, मग वीस-पंचवीस मिनिटांची चाल. घाटकोपरवाल्यांना कुर्ल्याला गाडी बदलून हार्बर. ‘दूर’ आणि ‘जवळ’ कुणाच्या दारापासून मोजायचं, हा सगळा प्रश्न त्यात आला. डिसेंबर २०२२मध्ये इथे भारत-ऑस्ट्रेलिया महिलांचे टी-ट्वेंटी सामने झाले, प्रवेश मोफत. दुसऱ्या सामन्याला ४७ हजार माणसं आली, सामना बरोबरीत सुटला, भारतानं सुपर ओव्हर जिंकली. बायकांच्या क्रिकेटला प्रेक्षक नाहीत, हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत होते. प्रेक्षक होते, त्यांना येण्यासारखं कुणी काही केलं नव्हतं. ३० ऑक्टोबर २०२५ला जेमिमानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केल्या त्या याच मैदानावर, आणि २ नोव्हेंबरला हरमनप्रीतच्या संघानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला तोही इथेच. पावसानं खेळ उशिरा सुरू झाला, संपेस्तोवर मध्यरात्र. एवढ्या उशिरा एवढ्या बायका-मुलींना रस्त्यानं गात जाताना मी आयुष्यात प्रथम पाहिलं. सोबतीला गर्दी असेल आणि वाट ओळखीची असेल तर बायका मध्यरात्रीपर्यंत थांबतात.

कुणी म्हणेल, प्रेक्षकांचं एवढं मनावर कशाला घ्यायचं, पैसा तर दूरचित्रवाणीतून येतो. खरं आहे. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आयपीएलचे प्रसारणहक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले, त्यापुढे फाटकावरचा गल्ला किरकोळ. माझ्या मते रोगाचं मूळ इथेच आहे. हिशेबाच्या वहीत प्रेक्षकाची गरज उरली नाही, म्हणून आराखड्यातही त्याची जागा आक्रसली. पण २०२०मध्ये आखाती देशात रिकाम्या स्टेडियममध्ये आयपीएल झाली तेव्हा प्रसारणात गर्दीचा ध्वनिमुद्रित आवाज मिसळावा लागला. खेळ विकणाऱ्यांनाही ठाऊक आहे की माणसांच्या आवाजाविना तो फिका पडतो. तो आवाज फुकट मिळत होता, कारण लोक स्वतःच्या पायांनी येत होते.

मग उपनगरानं काय मागावं? मी अंधेरीकडे बोट दाखवेन. वीरा देसाई रोडजवळच्या महापालिकेच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात, जिथे १९९६मध्ये मायकेल जॅक्सन नाचून गेला, आज फुटबॉलचं एक छोटं मैदान आहे, दहा हजारांच्या आतलं. जून २०१८मध्ये तिथे चार देशांची स्पर्धा होती. पहिल्या सामन्यात भारतानं चायनीज तैपेईला ५-० हरवलं, बघायला माणसं जेमतेम अडीच हजार. दुसऱ्या दिवशी कर्णधार सुनील छेत्रीनं हात जोडून विनंती केली: आम्हाला शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या, अशा अर्थाची. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना. धो धो पाऊस, आणि मैदान खच्चून भरलं. भारत ३-०, दोन गोल छेत्रीचे. मी घाटकोपरच्या मैत्रिणीसोबत गेले होते. ती मेट्रोनं आझाद नगरला उतरली, मी बोरिवलीहून लोकलनं अंधेरी आणि पुढे एक रिक्षा. माझ्या वहीतला आकडा: पंचावन्न मिनिटं. चौदा मैदानांतला सर्वांत छोटा. इतकी जवळ बसले होते की पाण्यात घसरणाऱ्या बुटांचा आवाज ऐकू येत होता. एका माणसाच्या हाकेनं जे मैदान भरलं, ते मेट्रोपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. एरवी ती हाक हवेत विरली असती.

अशा सात-आठ हजारांच्या जागा क्रिकेटला चालतात का? टेक्सासमधलं ग्रँड प्रेरी पाहा. मूळचं बेसबॉलचं स्टेडियम, २०२३मध्ये क्रिकेटसाठी पालटलेलं, सात हजारांच्या घरातलं. ६ जून २०२४ला तिथे अमेरिकेनं पाकिस्तानला विश्वचषकात हरवलं. सुपर ओव्हर टाकणारा सौरभ नेत्रावळकर मालाडचा, अंधेरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेला, मुंबईकडून रणजी खेळलेला. आमच्या उपनगरातला मराठी मुलगा परक्या मुलुखात, बेसबॉलच्या जुन्या मैदानात, छोट्याशा स्टँडसमोर एवढा मोठा सामना जिंकून देतो. तेवढा स्टँड त्याच्या मालाडला नाही.

एका आक्षेपाला मात्र मी वचकून आहे, कारण तो माझाच आहे. उपनगरात मोकळी मैदानं मुळात थोडी. त्यांवर काँक्रीटचे स्टँड चढवले की फाटकं येतील, कुलपं येतील, आणि रोज संध्याकाळी टेनिस बॉलवर खेळणारी पोरं बाहेर पडतील. दहा सामन्यांसाठी तीनशे दिवसांचा खेळ घालवायचा असेल तर मला स्टेडियम नको. त्यामुळे खुल्या मैदानावर मी एक वीटही मागत नाही. मागते ती कडेला. शिवाजी पार्कचा कट्टा ही मुंबईनं बांधलेली सर्वांत शहाणी गॅलरी आहे: तिकीट नाही, फाटक नाही, पाय खाली सोडून बसलं की समोर एकाच वेळी चार सामने. १९४८पासून भर पावसात खेळली जाणारी कांगा लीग असल्याच मैदानांवर जगली. १९८८मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची भागी रचली ती आझाद मैदानावर, जिथे कुणीही वाटसरू थांबून बघू शकत होता. नवं स्टेडियम बांधायचंच तर ते बंद पडलेल्या कारखान्याच्या किंवा मेट्रो कारशेडच्या जमिनीवर, स्टेशनापासून चालत जाण्याच्या टप्प्यात, सात-आठ हजारांचं बांधा. रणजी, महिलांचे सामने, शालेय अंतिम सामने, कबड्डी तिथे होऊ द्या. आणि असलेल्या मैदानांना कडेनं तीन पायऱ्यांचा कट्टा, दोन झाडं, एक नळ, बायकांसाठी वापरता येईल असं स्वच्छतागृह.

गेल्या रविवारी बोरिवलीत घराजवळच्या मैदानावर चौदा वर्षांखालच्या मुलींचा सामना होता. बसायला काही नव्हतं, म्हणून आया कुंपणाला टेकून उभ्या होत्या, एकीनं स्कूटर आत घेऊन तिच्यावर आपल्या सासूबाईंना बसवलं होतं. मी घरातून चालत निघाले होते. वहीत वेळ लिहिली, नऊ मिनिटं, आणि जागेच्या रकान्यात काय लिहावं याचा विचार करत पहिला डाव संपेपर्यंत उभी राहिले.